कोरडा स्पंज

‘द ग्रीन माइल’ या कादंबरीचा विषय निघाला की लोकांना धिप्पाड कैदी जॉन कॉफी आठवतो, नाहीतर मिस्टर जिंगल्स हा उंदीर. स्टीफन किंगने मात्र सगळा डाव एका स्पंजवर लावला आहे.

मंदीचा काळ, अमेरिकेतलं लुइझियाना राज्य. मृत्युदंडाचे कैदी ठेवलेल्या ई ब्लॉकमधून विजेच्या खुर्चीकडे नेणारी हिरव्या लिनोलियमची वाट. (खऱ्या लुइझियानात ही खुर्ची पहिल्यांदा वापरली 1941 साली, कादंबरीतल्या 1932मध्ये तिथे फाशीच होती. एवढी सूट लेखकाला द्यायला हरकत नाही.) प्रत्येक शिक्षेआधी पहारेकरी रंगीत तालीम करतात. कैद्याच्या जागी टूट-टूट नावाचा म्हातारा बसतो आणि चावटपणा करतो. पट्टे कोण आवळणार, टोपी कोण चढवणार, खटका ओढायची खूण कोण देणार, सगळं लग्नघरातल्या कामांसारखं वाटून दिलेलं. अंगावर काटा येतो तो या टापटिपीनेच.

स्पंजचं काम असं. कोरडी कातडी विजेला सहज आत घेत नाही. म्हणून टाळू भादरतात आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज टोपीखाली ठेवतात. मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते. टोपी आणि टाळू यांच्यात सलग ओला थर तयार होतो. स्पंज कोरडा राहिला तर वीज जेमतेम टेकलेल्या जागांतून घुसायला बघते, तिथेच तापते, जाळ होतो आणि माणूस लवकर मरतही नाही. पाणी फार झालं तरी पंचाईत. गालांवर थोडं ओघळणारच, पण लोट वाहिला तर वीज डोक्यात शिरण्याऐवजी बाहेरूनच वाट काढते.

ही नुसती कल्पनेची भरारी नाही. मे 1990मध्ये फ्लोरिडात जेसी टाफेरो या कैद्याच्या वेळी समुद्री स्पंजाऐवजी कृत्रिम स्पंज लावला आणि डोक्यावरून ज्वाळा निघाल्या.

कादंबरीतला पहारेकरी पर्सी वेटमोर स्पंज मुद्दाम कोरडा ठेवतो. देलाक्रुआ या कैद्याच्या गालांवर पाणी ओघळलेलं नाही हे मुख्य पहारेकरी पॉलच्या लक्षात येतं, पण तोवर खटका पडलेला असतो. मध्येच बंद करावं तर माणूस अर्धवट जिवंत राहणार, म्हणून तसंच चालू ठेवावं लागतं.

हा धक्का बसतो तो मांडणीमुळे. 1996च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत कादंबरी दर महिन्याला एक, अशा सहा बारीक पुस्तकांतून आली. दुसऱ्या भागात बिटरबक या कैद्याचा मृत्यू सगळं जिथल्या तिथे होऊन पार पडतो, देलाक्रुआचा चौथ्यात. नीट झालेलं आधी पाहिलं नसेल तर बिघडलेलं कळणार कसं? फ्रँक डॅराबाँटने 1999च्या चित्रपटात हा क्रम राखला. 189 मिनिटं लांब वाटतात अशी तक्रार असते, पण बिटरबकचा प्रसंग कापला असता तर पुढचा नुसता भडक झाला असता. ब्रॅड डोलन हा म्हातारा पॉल राहतो त्या वृद्धाश्रमातला दुष्ट कर्मचारी मात्र त्याने गाळला, ते बरंच केलं. पर्सीचीच दुसरी आवृत्ती होती ती.

शेवटी कॉफीची पाळी येते. स्पंज डोक्यावर बसतो आणि आपली नजर आधी पाणी शोधते. ते ओघळताना दिसलं की हायसं वाटतं, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाने गुन्हा केलेलाच नाही हे आपल्याला ठाऊक असतं.