ब्राह्मीच्या चार गोण्या

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आयुर्वेदिक औषधांच्या कच्च्या मालाच्या तपासणीला चार गोण्या आल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ब्राह्मी, पंचांग, सुकी'. पंचांग म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, फळ असं सगळं. आमच्या खरेदीच्या पत्रकातही नुसतं 'ब्राह्मी' एवढंच होतं. दिवसभराचा घोळ तिथेच सुरू झाला होता.

या एका नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वनस्पती येतात. एक नीरब्राह्मी, बाकोपा मोनिएरी. दुसरी मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. तिलाच कोणी कारिवणा म्हणतं, कोकणात एकपानी. ती कोथिंबीर, ओवा, जिरं यांच्या कुळातली आहे. तिच्यात एशियाटिकोसाइड हा घटक असतो, नीरब्राह्मीत बाकोसाइडं. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधी द्रव्यांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, दोघींची प्रकरणं स्वतंत्र आहेत. आम्हाला हवी होती मंडूकपर्णी.

गोण्या चारच, म्हणून चारही उघडल्या. प्रत्येकीच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ काढली. तळाचं टाळायचं नाही, कारण फळं आणि माती दोन्ही झडून तिथेच साठतात. प्रत्येक गोणीतले ५ ग्रॅम कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवून पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये पसरले. वाळलेली मंडूकपर्णी चुरगळलेल्या कागदासारखी दिसते, भिजली की पान उलगडतं.

तिसरी गोणी पहिल्या नजरेतच वेगळी पडली. पानं छोटी, जाडसर, देठ जवळजवळ नाही, पेरावर समोरासमोर जोडीनं. जिभेवर ठेवलं तर चांगलंच कडू. ही नीरब्राह्मी, आणि निवडून-धुऊन वाळवलेली. माल चोख होता, आम्हाला नको असलेला.

पहिली आणि दुसरी बिनतक्रार होती. मूत्रपिंडाच्या आकाराचं पान, कडेला बोथट दाते, देठाच्या टोकापासून पंज्यासारख्या फुटलेल्या शिरा, लांब देठ आणि देठाच्या बुडाशी पातळ आवरण.

चौथीनं मात्र दुपार घेतली. सकाळी टीएलसी लावली होती, म्हणजे अर्कातले घटक काचेवर वेगवेगळ्या ठिपक्यांत उमटवणारी चाचणी. त्या काचेवर तिचा एशियाटिकोसाइडचा ठिपका प्रमाणित नमुन्याच्या बरोबर समोर उमटला होता. नुसत्या काचेवर विसंबलं असतं तर ती गोणी पास झाली असती. पण ट्रेमध्ये काही पानांचे देठ आखूड होते, बुडाशी आवरण नव्हतं आणि खोडावर केस होते. पानाचा आकार तोच, मूत्रपिंडाचा.

पान फसवतं तिथे मी फळ शोधते. तळाचा चुरा चाळून दहापट भिंगाखाली धरला. मंडूकपर्णीचं फळ चारेक मिलिमीटरचं, दोन्ही बाजूंनी दाबलेलं. दोन चपट्या चकत्या कडेला कड लावून चिकटवल्यासारखं दिसतं, अंगावर उभ्या धारा आणि धारांमध्ये जाळी. चिमट्यानं दाबलं की दोन अर्धुकं सुटी होतात, प्रत्येकात एक बी. दोन अर्धुकांची ही घडण धण्यात, जिऱ्यात, बडीशेपेतही दिसते. तशी फळं चाळणीत होतीच. त्यांच्यासोबत गोल, फुटलेली बोंडंही निघाली, आणि एका देठाच्या बेचक्यात सुकलेलं पिवळं फूल अडकलेलं सापडलं. ती उंदीरकानी, मेरेमिया इमार्जिनाटा, गारवेलीच्या कुळातली. जमिनीवर तशीच पसरते, पेरांना तशीच मुळं फुटतात.

मग २५० ग्रॅम पातळ पसरून हातानं निवडलं. उंदीरकानी निघाली ३१ ग्रॅम, म्हणजे १२.४ टक्के. परक्या द्रव्याची मर्यादा २ टक्के आहे. ठिपका उमटला कारण बाकीचा बराचसा माल खरोखर मंडूकपर्णीच होता. काच 'हे द्रव्य आहे' एवढंच सांगते. 'दुसरं काही नाही' हे ती सांगत नाही. म्हणूनच मी पूड कधी घेत नाही. पुडीत फळ, देठ, आवरण सगळं जातं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसावं लागतं.

पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे दोन्हीला ब्राह्मीच म्हणतात." तिसऱ्या गोणीपुरतं त्याचं म्हणणं खरं होतं. तो दोष आमच्या पत्रकाचा, म्हणून परतीचं भाडं आम्ही दिलं. चौथीबद्दल विचारल्यावर कळलं, पहिल्या दोन गोण्या पोफळीच्या आगरातल्या, चौथी घाटावरच्या तळ्याकाठची, नवीन माणसानं गोळा केलेली. फसवणूक मला वाटली नाही. पाऊस सरल्यावर ओल्या काठावर दोन्ही वेली एकमेकींत गुंतून वाढलेल्या असतील, तर ओरबाडून काढताना कोण वेगळं करणार? एकेक वेल मुळापासून उचलली तरच देठाचं बूड दिसतं.

संध्याकाळी पत्रक बदललं: 'मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका, पंचांग, फळांसह, अखंड, पूड नको'. खाली एक ओळ वाढवली: नव्या जागेचा माल असेल तर आधी एक ताजी वेल, मुळं आणि फळांसकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवावी. चौथ्या गोणीवर लाल चिठ्ठी लावली आणि ती वेगळ्या खोलीत ठेवली.