गोळी गिळाल हो, पण ती बाहेर येईल ना?

मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं ते नळीवालं एंडोस्कोपी नको वाटतंय, त्यापेक्षा ती कॅमेऱ्याची गोळी करून टाकू का?" असं विचारणारी ती एकटी नाही, आमच्या सासूबाईंनी ही गोळी गिळली हे कळल्यापासून सोसायटीत निम्म्या बायकांना तिच्यात इंटरेस्ट आलाय, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

पहिली गोष्ट, ही गोळी (डॉक्टरी भाषेत कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे गिळायचा छोटा कॅमेरा, जो पोटातून जाताना फोटो काढतो) म्हणजे नळीला पर्याय वगैरे नाही. तोंडातून जाणारी नळी अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची अगदी सुरुवात बघते, खालून जाणारी कोलोनोस्कोपी मोठं आतडं आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक बघते, मधे उरतं ते पाच-सहा मीटर लांबीचं वेटोळं, आणि तिथे साधी नळी पोचतच नाही. गोळी मुख्यतः त्या मधल्या भागासाठी. जठरात ती नुसती गडबडा लोळते, नळीसारखी हवा भरून जागा मोकळी करता येत नाही, समोरचं पाण्याने धुता येत नाही, तुकडा काढता येत नाही आणि रक्त वाहत असलं तरी ती फक्त फोटो काढत पुढे जाते. तेव्हा अ‍ॅसिडिटीसाठी नळीची भीती वाटते म्हणून गोळी, हे पैसे वाया घालवायचे धंदे आहेत.

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं काय झालं, हिमोग्लोबिन सारखं सातच्या आसपास यायचं, लोहाच्या गोळ्या दिल्या की चढायचं, थांबवल्या की परत खाली. वरून नळी टाकली, क्लिअर. खालून टाकली, क्लिअर. मग रक्त जातंय कुठे? अशा वेळी लहान आतडं बघायला ही गोळी खरंच कामाची, याबद्दल डॉक्टर लोकांत फारसा वाद नाही. क्रोन्स म्हणून जो आतड्याचा आजार आहे त्यातही वापरतात, आतड्यात गाठी होण्याचे काही आनुवंशिक आजार असतात त्यातही.

पण आमच्या डॉक्टरांनी गोळीचं नाव काढायच्या आधी विचारलं, "आजी, गुडघ्यासाठी काय घेता?" आई म्हणाल्या काही नाही हो, ती मेडिकलवाल्याकडची. ती! म्हणजे वर्षानुवर्षं रोजची पेनकिलर, चिठ्ठीशिवाय. या गोळ्यांनी जठरात जखमा होतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं म्हणून सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात, पण ती जठराला सांभाळते, लहान आतड्याला नाही. तिथे जखमा होतात, भरतात, परत होतात आणि कधीकधी आतडं आतून आवळून अरुंद होतं. आणि कॅमेऱ्याची गोळी केवढी, तर २६ मिलिमीटर लांब आणि ११ रुंद. अरुंद जागी जाऊन बसली की झालं.

हाच या तपासणीतला खरा धोका, अडकणं. दोन आठवडे झाले तरी गोळी पोटातच असेल तर ती अडकली असं धरतात. रक्तस्रावासाठी केलेल्या तपासणीत हे शंभरात एक-दोघांना होतं, क्रोन्सचं निदान आधीच झालेलं असेल तर जास्त. आपल्याकडे आतड्याचा टीबी हेही अरुंद होण्याचं मोठं कारण, शिवाय पोटाला रेडिएशन झालेलं असणं, जुनी ऑपरेशनं. अडकलेली गोळी बरेचदा गुपचूप बसून राहते, दुखतही नाही, पण आतडं बंद पडू शकतं आणि मग खास लांब एंडोस्कोपने किंवा ऑपरेशन करून काढावी लागते. म्हणून शंका असेल तर आधी एक डमी गोळी देतात, लॅक्टोजची, ती अडकली तर साधारण तीस तासांनंतर विरघळायला लागते. आमच्याकडे त्याऐवजी सीटी एंटेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन केला, तो शंभर टक्के खात्री देत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि मगच सही घेतली.

तयारीचं थोडक्यात. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद, त्याने आतडं काळं दिसतं. आदल्या दिवशी पातळ खाणं, मग ते पोट साफ करायचं पावडरचं पाणी, जे पिताना आईंनी डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सकाळी उपाशीपोटी पोटाला सेन्सरचा पट्टा, खांद्याला रेकॉर्डरची पिशवी. डबीतून काढल्याबरोबर गोळी लुकलुकायला लागली आणि आई म्हणाल्या, "अगो बाई, हिला तर दिवा आहे!" घोटभर पाण्याबरोबर गेली. दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं खाणं, मग घरभर फिरत होत्या, भाजीसुद्धा निवडली. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी मात्र आधीच सांगायचं, गोळी श्वासनलिकेत गेल्याच्या दुर्मिळ केसेस आहेत. पेसमेकर असेल तर तेही सांगा.

ही कल्पना गॅव्हरिएल इडान नावाच्या इस्रायली इंजिनिअरची, जो क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करायचा, आणि २००१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. आईंना हे सांगितलं तर त्यांचा प्रश्न एकच, "धुवून परत द्यायची का?" नाही हो आई, एकदाच वापरायची, फ्लश करायची.

आता महत्त्वाचं. आईंचा गुडघ्याचा एमआरआय पुढच्याच आठवड्यात बुक होता. तो रद्द करायला लावला, कारण गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआयच्या आसपास जायचं नाही. गोळी साधारण एक ते तीन दिवसांत पडते पण आईंना काही दिसली नाही (आणि शोधायला मी तयार नव्हते). शेवटच्या फोटोंत ती मोठ्या आतड्यात पोचलेली दिसत होती, एरवी तेवढ्यावर भागतं, पण एमआरआय होता म्हणून पोटाचा एक्स-रे काढला. नव्हती. गेली होती.

पन्नास हजारांच्या वर फोटो असतात, डॉक्टर ते व्हिडिओसारखे पळवत बघतात. कधी बॅटरी संपेपर्यंत गोळी पूर्ण लहान आतडं पार करत नाही, कधी जखम वळणामागे राहते, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे काहीच नाही असं होत नाही. आईंच्या फोटोंत लहान आतड्यात छोट्या छोट्या जखमा दिसल्या, एका ठिकाणी आतडं अरुंद करणारा हलकासा पडदा धरायला लागलेला. गोळी तिथून निसटली म्हणायची.

बिल पाच आकडी आलं आणि अ‍ॅडमिट नव्हत्या म्हणून मेडिक्लेमवाल्यांनी खुसपट काढलं, तेव्हा आधी लेखी विचारून घ्या. पेनकिलर बंद आहे, लोह सलाइनमधून दिलं, हिमोग्लोबिन चढतंय. मेडिकलवाल्याला मी स्वतः जाऊन सांगून आलेय, पण गुडघे दुखतातच आणि त्या दुकानाचा नंबर आईंना पाठ आहे.