कात्री, शिडी आणि जाळी

आमच्या दारातल्या बास्केटबॉलच्या रिंगची जाळी या हिवाळ्यात पार कुजली. रिंग आमची नव्हेच, आधीच्या मालकांनी घराबरोबर मागे ठेवलेली. शेवटी मार्चमधल्या एका शनिवारी घडीची शिडी लावली, ओट्यावरची कोथिंबिरीची कात्री उचलली आणि चढलो. पहिला दोरा कापतोय तोच कुंपणापलीकडून शेजारी ओरडले, "अभिनंदन! कुणाला हरवलंत?"

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याची राजधानी रॉली, तिच्या आसपास राहणाऱ्याला हा विनोद समजावून द्यावा लागत नाही. अमेरिकेत कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली की खेळाडू एकेक करून शिडी चढतात आणि जाळीचा एकेक दोरा कापून घेतात. कुणी तो टोपीत खोचतो, कुणी कानामागे. उरलेली जाळी शेवटी कोच उतरवतो आणि हारासारखी गळ्यात घालतो. गंमत म्हणजे यातले कित्येक जण नुसती उडी मारून रिंगला लोंबकळू शकतात. तरी त्या दिवशी मुंजीतल्या बटूसारखे जपून पायरी पायरी चढतात. आता तर त्या शिडीलाही अधिकृत प्रायोजक आहे!

ही प्रथा रुजवली ती आमच्याच गावातल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचे कोच एव्हरेट केस यांनी. इंडियानातल्या शाळांमधून ते इकडे आले आणि १९४७ मध्ये सदर्न कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या एका गटाची स्पर्धा, जिंकल्यावर त्यांच्या संघाने जाळ्या कापल्या. पुढे १९६५ मध्ये ते आजारी होते, कोचपदही सोडलेलं होतं. संघाने विजेतेपद मिळवलं तेव्हा पोरांनी त्यांनाच खांद्यावर उचलून जाळीपर्यंत नेलं. हे ऐकून गोविंदा आठवला नाही तर मी मराठी कसला?

शिडीचं आणि या खेळाचं नातं तसं जन्मापासूनचं. १८९१ मध्ये बास्केटबॉलचे जनक नेस्मिथसाहेबांनी पीच फळांच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, पण त्यांना बूड होतं. चेंडू पडला की शिडी लावून काढायचा. बुडाची अडचण कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला, हे वाचून मला आमच्या ऑफिसबद्दल फार आशा वाटली.

पण शेजाऱ्यांना केस किंवा नेस्मिथ यांच्याबद्दल बोलायचं नव्हतं. त्यांना बोलायचं होतं १९८३ बद्दल. इथे सगळ्यांनाच १९८३ बद्दल बोलायचं असतं.

त्या वर्षी नॉर्थ कॅरोलिना स्टेट दहा सामने हरून बसली होती. मग एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय, स्पर्धेत पेपरडाइनविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळून कशीबशी सुटका, लास व्हेगासवाल्यांवर एका गुणाने मात, व्हर्जिनियावरही एकाच गुणाने. ४ एप्रिलला अल्बुकर्कीत अंतिम सामना. मैदानाचं नाव 'द पिट', म्हणजे खड्डाच, रस्त्याच्या पातळीखाली ३७ फूट. समोर ह्यूस्टन, सलग २६ सामने जिंकलेलं, ओलाजुवॉन आणि ड्रेक्सलर यांना घेऊन. ५२-५२. शेवटच्या क्षणांत स्टेटच्या व्हिटनबर्गने लांबून फेकलेला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. त्याच्याच संघातल्या लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडला आणि जाळीत कोंबला. संपलं!

शेजारी तेव्हा इथे विद्यार्थी होते. त्या रात्री गावभर काय झालं ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. मी शिडीवर, एका हातात कात्री, दुसऱ्या हाताने रिंग धरून. उतरायची सोय नव्हती.

मला त्यांची वेगळीच गोष्ट आवडली. १९८३ च्या त्या संघाचा कोच, जिम व्हॅल्व्हानो, दर वर्षी एक सराव चेंडूशिवाय घ्यायचा. फक्त शिडी आणि कात्री. पोरांनी जाळी कापायचा सराव करायचा, जल्लोषासकट. आपल्याकडे हे कुणी खपवून घेतलं असतं? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं आजीने तिथल्या तिथे सुनावलं असतं. निकालाआधी पेढ्यांचा विषय काढला तरी आमच्या घरी 'नजर लागेल' म्हणायचे. आनंदाची तालीम करायची असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही तालीम करायचो ती नापास झाल्यावर बाबांना काय सांगायचं याची.

आणि एवढी तालीम करून झालं काय? प्रत्यक्ष जिंकल्यावर व्हॅल्व्हानो मैदानभर सैरावैरा धावत सुटला, मिठी मारायला माणूस शोधत. ज्याला मारायची तो व्हिटनबर्ग दुसऱ्याच कुणाच्या मिठीत! ते चित्रण अजून दर मार्चला दाखवतात. दहाच वर्षांनी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो कॅन्सरने गेला.

२०२४ मध्ये त्याच संघाने पाच दिवसांत पाच सामने जिंकून कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं आणि १९८३ नंतर प्रथमच एनसीएए स्पर्धेच्या शेवटच्या चारांत धडक मारली. भाजीच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीपासून सगळे लाल टीशर्टात. पुढच्याच वर्षी संघ हरत गेला आणि कोचला नारळ मिळाला. जाळीचा दोरा त्याने जपून ठेवला असेल ना, एवढंच माझ्या मनात आलं.

नवी जाळी अडकवायला मला पाऊण तास लागला. जुनीचा एक तुकडा नकळत पँटच्या खिशात राहिला आणि धुण्यात गेला. बायकोने मशीनमधून काढून विचारलं, "हे काय?"

मी १९४७ पासून सुरुवात केली. मी १९६५ पर्यंत पोचेतो तिने त्या दोऱ्याने परसातलं टोमॅटोचं रोप काठीला बांधूनही टाकलं होतं.