रिटर्न कोड शून्य

सकाळी साडेसहाला मेनफ्रेमवरचा जॉब, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या प्रोग्रामांची रांग, सुटला आणि चहाचा कप ओठाला लावेपर्यंत संपलासुद्धा. एरवी चाळीस मिनिटं खातो. सगळ्या स्टेप शून्याने पार, म्हणजे ‘सगळं ठीक’ असा रिटर्न कोड देऊन. अमेरिकेत रात्रीचे नऊ वाजले होते. तिथल्या ऑपरेटरने खुशीत येऊन चॅटवर विचारलं, काय ट्यूनिंग केलंत? मी काहीच ट्यूनिंग केलं नव्हतं. घाम फुटला तो त्यामुळेच.

आमचं ऑफिस हिंजवडीत, क्लायंट तिकडची विमा कंपनी, आणि हा जॉब पॉलिसी नूतनीकरणाच्या नोटिसा काढणारा. आदल्या दिवशी मी त्यातल्या एका सबरुटीनमध्ये दोन ओळींची दुरुस्ती केली होती आणि प्रॉडक्शनचं मॉड्यूल बाइंडरने, म्हणजे तुकडे जोडून चालवता येईल असं मॉड्यूल बनवणाऱ्या प्रोग्रामने, पुन्हा लिंक केलं होतं. नोटिसांची फाइल उघडली. एक रेकॉर्ड नाही.

"बाइंडरचा रिटर्न कोड?" आमच्या लीड मॅडमनी विचारलं.

"शून्य."

"तो बाइंडरचा शून्य झाला. तू त्याला दिलं काय होतंस, ते दाखव."

मी सिसलिनची, म्हणजे बाइंडरला काय जोडायचं ते सांगणारी, फाइल उघडली. तशी ती साधीच असते. ऐंशी रकान्यांच्या ओळी. पंच कार्डाला 1928 मध्ये ऐंशी रकाने मिळाले, ते अजून आमच्या मानगुटीवर आहेत. ऑब्जेक्ट डेक, म्हणजे कंपाइल केलेला कोड, असेल तर पहिल्या रकान्यात हेक्स 02, स्क्रीनवर न दिसणारा, आणि त्यापुढे रेकॉर्डचा प्रकार: ईएसडी, टीएक्सटी, आरएलडी, शेवटी एंड. कंट्रोल कार्ड, म्हणजे बाइंडरला हुकूम देणारी ओळ, असेल तर पहिला रकाना कोरा. या फाइलमध्ये नुसती कार्डंच होती: अकरा इन्क्लूड (हा तुकडा घे), खाली एक नेम (मॉड्यूलला हे नाव दे). इन्क्लूडच्या ओळी मला विस्कळीत वाटल्या होत्या, म्हणून मी एडिटमध्ये वर सॉर्ट टाइप करून एंटर मारला होता. झाल्या सगळ्या वर्णानुक्रमे. नेम हे कार्ड एन वरून, इन्क्लूड आय वरून, त्यामुळे नेम आपोआप तळालाच राहिलं. फाइल आधीपेक्षा देखणी दिसत होती, हे मी आजही म्हणेन. टेस्टची फाइल वेगळी होती आणि तिला मी हात लावला नव्हता, म्हणून टेस्टिंगमध्ये सगळं गोड चाललं.

मॅडमनी सिसप्रिंट, म्हणजे बाइंडरचा अहवाल, खाली खाली नेलं. मॉड्यूल मॅपच्याही पुढे एन्ट्री पॉइंटचा, म्हणजे मॉड्यूल कुठून चालू होतं त्याचा, तक्ता असतो. त्यात मेन एन्ट्री पॉइंट म्हणून वय काढणाऱ्या रुटीनचं नाव होतं. एजकॅल्क. ए वरून सुरू होणारं, म्हणून यादीत पहिलं.

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं त्या ओळीवर कर्सर नेऊन ठेवला.

फाइलमध्ये सुरुवात कुठून ते सांगणारं एन्ट्री कार्ड कधी नव्हतंच. ते नसेल तर बाइंडर आधी जोडलेल्या तुकड्यांच्या एंड रेकॉर्डमध्ये एन्ट्री पॉइंट दिलाय का पाहतो, आणि त्यातला पहिला जो सापडेल तो धरतो. तोही नसेल तर पहिल्या सेक्शनची सुरुवात. म्हणजे इतकी वर्षं मुख्य प्रोग्राम मुख्य होता तो केवळ त्याचा इन्क्लूड सगळ्यात वर होता म्हणून. बाइंडरच्या दृष्टीने माझं काहीच चुकलं नव्हतं. सगळी नावं सापडली, सगळे पत्ते जुळले, एकही सिम्बॉल लटकत राहिला नाही. एखादा राहिला असता तर रिटर्न कोड आठ आला असता आणि मी रात्रीच सावध झालो असतो.

मग एजकॅल्क निदान आपटलं का नाही? इथे मला अजून हसू येतं. त्या रुटीनला एकच पॅरामीटर, आणि त्याचा पहिला बाइट म्हणजे काम काय ते सांगणारा कोड. एल असेल तर गेल्या वाढदिवसाचं वय, एन असेल तर जवळच्या वाढदिवसाचं. विमावाल्यांना दोन्ही लागतात. तिसरं काही आलं तर मुकाट परत फिरायचं. जेसीएलमध्ये, म्हणजे जॉब चालवायच्या सूचनांमध्ये, प्रोग्रामला द्यायचा पार्म (पॅरामीटर) नव्हता, म्हणून सिस्टिमने शून्य लांबीचा पार्म हातात दिला. पहिला बाइट ना एल ना एन. रुटीन परत फिरलं, तेही शून्य घेऊन. जॉबमधल्या पुढच्या सॉर्टच्या स्टेपला रिकामी फाइल मिळाली, त्याने शून्य रेकॉर्ड निमूटपणे लावून दिले.

मंजुरीसाठी तिकडच्या मॅनेजरला जेवणावरून उठवलं. मुख्य प्रोग्रामचं नाव घालून एन्ट्री कार्ड टाकलं, लिंक केलं, आणि या वेळी आधी एन्ट्री पॉइंटचा तक्ता वाचला. जॉब पुन्हा सोडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चालूच होता. जॉब लांबतोय याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

दुपारी घरी जायच्या आधी टेस्टमध्ये त्या नव्या फाइलची कॉपी घेतली, वर कारण लिहिलेलं, पहिल्या रकान्यात तारा असलेलं एक कॉमेंट कार्ड घातलं आणि मुद्दाम पुन्हा सॉर्ट मारला. एन्ट्री सगळ्यात वर गेलं. कॉमेंट पार तळाला, नेमच्याही खाली, कारण एब्सिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात, कोरी जागा ताऱ्याच्या आधी येते. लिंक केलं. मेन एन्ट्री पॉइंट जागेवर होता.