नदीकाठची वस्ती, महिना सातवा: निळी ताडपत्री

नदीकाठच्या एका वस्तीत मी दर महिन्याला जाऊन तिथल्या घरांचे, माणसांचे आणि ओढ्याचे फोटो काढते. या महिन्यात दोन खेपा झाल्या, ३१२ फोटो काढले त्यातले ९ ठेवले. आकडा कमी वाटेल पण पहिल्यांदाच असं झालंय की ठेवलेल्या प्रत्येक फोटोबद्दल मला काहीतरी सांगता येतंय.

आधी ओढ्याचं पटकन सांगते, त्याचा दर महिन्याला एकाच जागेवरून एक फोटो काढते. तोच दगड, तीच ३५ एमएमची लेन्स, ट्रायपॉडची उंची तीच, सकाळची वेळही तीच, सातवी फ्रेम झाली. मागच्या महिन्याचा फोटो मोबाईलवर उघडून दगडांच्या कडा जुळवून घेते म्हणजे इंचभरसुद्धा हलत नाही. पाणी दोन दगड मागे गेलंय.

आता खरं काम. इतके महिने मी घरांचे फोटो काढताना नकळत दोन पावलं डावीकडे सरकायचे, का तर छपरावरची निळी ताडपत्री फ्रेममध्ये नको, प्लास्टिकचा कॅन नको, चार्जरची वायर नको. मग या महिन्यात एडवर्ड कर्टिस या अमेरिकन फोटोग्राफरबद्दल वाचलं. त्याने उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींवर १९०७ ते १९३० मध्ये फोटो आणि माहितीच्या ग्रंथाचे २० खंड काढले, प्रचंड काम आहे, पण १९१० च्या सुमारास पीगन या जमातीच्या लोकांच्या तंबूत काढलेल्या एका फोटोत दोन माणसांच्या मधोमध चक्क एक घड्याळ होतं आणि छापताना त्याने ते पुसून टाकलं. म्हणजे ही माणसं आपल्याच काळात जगतायत हेच पुसलं. हे वाचून माझं फोल्डर उघडलं तर सात महिन्यांच्या निवडीत प्लास्टिकचा एक तुकडा नाही. फार लागलं मनाला.

पुढच्या खेपेला टोपल्या विणणाऱ्या आजींना सरळ विचारलं, ताडपत्री कधीपासून? त्या म्हणाल्या, छपराचं गवत आता जवळ मिळत नाही, आणायला अर्धा दिवस चालावं लागतं, मग काय करणार. मी ओढ्याच्या फ्रेम जुळवत बसले होते आणि पर्यावरणाची गोष्ट इथे डोक्यावर होती, तीच मी कापत होते!

मग आत बसून फोटो काढले. उजेड फक्त दाराचा आणि वरून ताडपत्रीतून झिरपणारा निळा. म्हणून कमी उजेडाची सेटिंग्ज: एफ/२.८, १/६०, आयएसओ ३२००. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर आधी दाराकडे बघून फसायचा आणि चेहरा काळवंडायचा, आता स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणं, गालावर ठेवते. सावल्या नंतर उचलत बसलं की नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतोच. व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत म्हणूनचं सेटिंग) ग्रे कार्डवर, म्हणजे करड्या रंगाच्या कार्डावर, घेतला आणि एडिट करताना थोडा निळा परत आणला, कारण तिथे तो असतोच.

याच विषयात फोटोग्राफर क्लॉडिया अन्डुजार यांचं ब्राझीलमधलं काम जरूर बघा. १९८१ ते ८३ मध्ये डॉक्टरांबरोबर फिरून त्यांनी यानोमामी या ॲमेझॉनच्या जंगलातल्या आदिवासी लोकांचे लसीकरणाच्या कार्डांसाठी फोटो काढले, प्रत्येकाच्या गळ्यात नंबर, कारण त्यांच्यात स्वतःचं नाव असं सांगत नाहीत. अन्डुजार यांच्या वडिलांकडचे ज्यू नातेवाईक नाझींनी मारले होते, त्यांनाही आधी खुणा करून वेगळं काढलं होतं, म्हणून तो नंबर बघताना पोटात कालवतं, पण इथे तो नंबर माणूस जगावा म्हणून आहे. १९९२ मध्ये यानोमामींच्या जमिनीला सरकारी मान्यता मिळाली आणि त्या लढ्यात त्या कित्येक वर्षं होत्या. नुसते फोटो घेऊन परत आल्या नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

मी सध्या एवढंच करते की पुढच्या खेपेआधी प्रिंट काढून ज्याचा फोटो त्याला देते, आणि तो नको म्हणाला तर फोटो माझ्या निवडीतूनही जातो. आजींना त्यांचा दिला. मला वाटलं चेहरा बघतील, पण त्यांनी बोट ठेवलं टोपलीच्या काठावर, तिथल्या चार काड्या उभ्याच होत्या.

"ही अर्धीच आहे गं. आता पुरी झालीये, परत काढ."

रविवारी जातेय.