नानकटाईची नोंद: डालडा सोडून साजूक तुपावर

डालड्याची नानकटाई आकार धरून बसते, साजूक तुपाची ताटलीभर पसरते, ही नेहमीची तक्रार. डालडा उशिरा वितळतो, साजूक तूप तिशीच्या पुढच्या तापमानात सैल पडायला लागतं. म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात ते ओव्हनमध्ये जाण्याआधीच अर्धी लढाई हरलेलं असतं. त्यामुळे या फेरीत घटक फारसे हलवले नाहीत, तुपाच्या तापमानावरच लक्ष ठेवलं.

सध्याचं प्रमाण: मैदा 150 ग्रॅम, बेसन 40, बारीक रवा 20, पिठीसाखर 100, तूप 110, बेकिंग पावडर अर्धा चमचा, सोडा चिमूटभर, घट्ट दही एक छोटा चमचा, वेलची-जायफळ, कणभर मीठ. साधारण 19 नगं होतात. तूप वाटीने मोजू नका, वजन करा. पातळ तुपाची वाटी आणि थिजलेल्या रवाळ तुपाची वाटी वजनाला सारखी भरत नाही.

बेसन कोरडंच मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजून पूर्ण गार करायचं, नाहीतर कच्चा वास राहतो. साखर घरी मिक्सरला फिरवली असेल तर तीही गार होऊ द्या. ती गरम असते आणि तूप तिथेच विरघळतं.

थिजलेलं तूप परातीत तळहाताने फेसायचं. पांढरट, हलकं झालं की साखर, मग दही घालून पुन्हा फेसायचं. एकूण आठ-दहा मिनिटं. तूप चकाकू लागलं, तर परात पाच मिनिटं फ्रीजमध्ये. चाळलेली पिठं मिसळताना मळायचं मात्र नाही, नुसतं गोळा करायचं. तुपात बटरसारखं पाणी नसल्यामुळे मैद्याला चिवटपणा कमी येतो. दह्यातल्या थोड्या पाण्यावर जोर लावून तो आणू नये.

22 ग्रॅमचे गोळे, अंगठ्याने हलकेच दाबलेले, दीड इंच अंतरावर. ताटलीसकट वीस मिनिटं फ्रीजमध्ये. या एका पायरीने पसरणं सर्वांत जास्त कमी झालं.

ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) 170 अंशांवर पंधरा मिनिटं तापवून, मधल्या कप्प्यात 18 ते 20 मिनिटं. आठव्या-दहाव्या मिनिटाला चिरा पडतात: वरचा थर सुकतो, आत अजून फुगणं चालूच असतं. चिरा नाहीत, तर ओव्हन थंड होता किंवा गोळा फार गुळगुळीत वळला. चिरा भरपूर पण चव साबणासारखी, तर सोडा जास्त. काळ्या ताटलीत तळ लवकर करपतो, खाली दुसरी ताटली ठेवा.

बाहेर काढताना नानकटाई मऊच लागते. ती कच्ची समजून परत आत ढकलणं, हा तिचा सर्वांत जास्त वेळा होणारा घात. ताटलीतच गार करा, मग उचला. चहात बुडवून खाणारं घर असेल तर दोन मिनिटं जास्त भाजा. तुपाची ही नानकटाई कपात फार लवकर विरघळते.

पुढच्या फेरीत 50 ग्रॅम मैद्याच्या जागी नाचणी. ती चिकटून राहत नाही, म्हणून गोळा वळण्याआधी पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. आणि गडद रंगामुळे भाजलं कधी ते दिसणार नाही, तेव्हा घड्याळावरच भिस्त.