घाई काकू

सोमवार, रात्री

बुधवारपासून एक चिठ्ठी माझ्या पर्समध्ये पडून आहे. फेकायला दोनदा काढली, दोनदा परत ठेवली. आज साबुदाणा जड झालाय, ओटा आवरलाय, हे मीटिंगला गेलेत. तर लिहूनच टाकते.

इस्त्रीचं गाठोडं एरवी इस्त्रीवाले स्वतः आणून देतात. बुधवारी त्यांचा पुतण्या आला. नवा आहे. दारातूनच गाठोडं सरकवलं आणि दोन दोन पायऱ्या उतरत पळाला. मी गाठ सोडली तर सगळ्यात वर उशीचा अभ्रा आणि त्याला टाचणीने टोचलेला जुन्या कॅलेंडरच्या पानाचा तुकडा, दोन बोटं रुंद. निळ्या बॉलपेनने वर दोन शब्द आणि खाली '९ नग'. मी आधी 'धाई काकू' वाचलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं तरी आलं आपल्याकडे. पण अभ्रा माझाच, कोपऱ्यातला हळदीचा डागही माझाच. मग चष्मा लावला. शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती, मध्ये कुठेही तुटलेली नव्हती. घ. घाई काकू.

बावीस वर्षं ते आमचे कपडे नेताहेत. बावीस वर्षं मी दारात उभी राहून 'उद्या सकाळी मिळतील ना?' एवढंच विचारत आले असेन, मान्य. पण म्हणून हे? आणि त्या नगांतले निम्मे तर ह्यांचे शर्ट. कॉलर ताठ ह्यांना हवी, बाहीवर दुहेरी घडी ह्यांना चालत नाही, आणि बदनामी माझी. संध्याकाळी ह्यांना चिठ्ठी दाखवली. हे इतके हसले की ठसका लागला. मोठीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, अगदी परफेक्ट आहे गं!" दोघांशीही त्या रात्री मी कामापुरतंच बोलले.

नावं ठेवण्यात आमच्या पुण्यातल्या पेठांचा हात कुणी धरणार नाही, हे मला काय माहीत नाही? इथे देव सुटले नाहीत. आमच्याकडून चार पावलांवर खुन्या मुरलीधर. बिचाऱ्याने कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. १७९७ साली प्रतिष्ठापनेच्या वेळी दारात मारामारी झाली, माणसं मेली, आणि बासरी धरून उभ्या असलेल्या देवाच्या नावावर खून लागला तो लागलाच. उपाशी विठोबाचं सांगतात की मंदिर सांभाळणारे उपासाचं खायचे, म्हणून देवालाही नैवेद्य उपासाचाच. नारायण पेठेतल्या मारुतीवर पत्र्याचं छप्पर होतं, तो पत्र्या. शेजारच्या हलवायाने जिलब्यांची माळ घातली, तो जिलब्या. पासोड्यांच्या बाजारातला विठोबा, तो पासोड्या. आणि भिकारदास मारुती! लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, कुणा भिक्षेकऱ्याने पै पै जमवून बांधला असेल. आईंनी सांगितलं, अगं, भिकारदास हे बागेच्या मालकाचं नाव, चांगला सराफ होता तो. म्हणजे सराफाचा मारुती, आणि नावात भीक.

तेव्हा या रांगेत आपली एक जागा झाली, असं म्हणून सोडून द्यायला हवं. पण देवांची नावं पडली ती एखाद्या छपरावरून, एखाद्या दिवसाच्या प्रसंगावरून. माझं बावीस वर्षं नीट बघून ठेवलंय. बोचतंय ते हे.

गुरुवारी पोळ्या लाटता लाटता मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. घाई? मी? मी तर गिरणीत थांबते. भाजणी असली की गिरणीवाले आधीच्या गव्हाचं पीठ निघून जाईपर्यंत थांबवतात आणि तिथल्या त्या पांढऱ्याधोप बाकावर बसून राहावं लागतं. मग गरम डबा पोटाशी धरून घरी यायचं. पावसाळ्यात त्या उबेसारखं दुसरं काही नाही. डब्याचं झाकण जरा किलकिलं ठेवायचं, धण्याजिऱ्याचा वास घरापर्यंत सोबत येतो. हे सुख मी घेते. वर्षातून दोनदा घेते. बाकीच्या दिवशी डबा ठेवून 'किती वेळ?' असं विचारत पायरी उतरलेली असते.

बरं, मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला टिळक स्मारकला जाते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली गोष्ट अजून चालू आहे, आणि आमच्या घरापासून चालत जाता येतं. वारं सुटलेलं असतं, वक्ता चांगला निघाला तर उत्तम, नाही निघाला तर पुढच्या रांगेतले आजोबा प्रश्न काय विचारतात ते ऐकायला मजा येते. मी दर वर्षी जाते. आणि दर वर्षी कडेची खुर्ची पकडते, मध्येच उठता यावं म्हणून.

पुरुषोत्तम करंडक, ती कॉलेजांची एकांकिका स्पर्धा? ऑगस्टात भरत नाट्य मंदिराकडून 'आव्वाज कुणाचा'ची आरोळी उठली की मी गॅस बारीक करून गॅलरीत येते. पोरांचे घसे फुटायचे बाकी असतात. मोठी कॉलेजात होती तेव्हा तीही त्यातच, दोन महिने घोगऱ्या आवाजात बोलायची. आता बंगळूरहून... असो. तर गॅलरीत येते. पण गॅस बारीक करते, बंद नाही करत.

वकिली करायला गेले आणि माझाच साक्षीदार फितूर झाला.

शुक्रवारी फार वाईट गेला दिवस. कुणी काही म्हटलं नाही, पण जिथे जाईन तिथे आपल्या पाठीवर चिठ्ठी टोचलेली आहे असं वाटत राहिलं. दूधवाल्याकडे काय नाव असेल? वाण्याच्या वहीत? आयुष्यभर सगळ्यांची वेळेवर उस्तवारी केली, डबे, क्लासेस, आईंची औषधं, बँक, आणि त्याचं फलित काय, तर दोन शब्द आणि ९ नग. चिडचिड धरून मी फोन उघडला. म्हटलं, फोनवरच विचारते त्यांना. शोधात 'इस्त्री' टाकलं. दोन नंबर आले. 'इस्त्री जुने', म्हणजे त्यांचे वडील, ते गेले. आणि त्याखाली, माझ्याच हाताने टाकलेलं, 'इस्त्री उशीर'.

फोन बंद केला आणि चहा टाकला.

शनिवारी मात्र ठरवून निघाले. घड्याळ घरी ठेवलं. शनिपारावरून तुळशीबागेत शिरले, पण टिकल्या आणि पिना न घेता भातुकलीच्या पितळी पाटावरवंट्यांच्या दुकानांमधून सरळ राममंदिराच्या दरवाजातून आत गेले. बाहेर 'दीडशे, दीडशे' आणि 'ताई, बघा तर' चाललेलं, आणि आत आल्यावर दहा पावलांत ते सगळं विहिरीत पडल्यासारखं लांबून यायला लागतं. नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत बांधलेलं देऊळ. लाकडी खांब, गार फरशी, एक बाई वाती वळत बसलेल्या, आणि शिखराकडे मान वर करून पाहिलं तर पारवे. तुळशीबागेत मी महिन्यातून दोनदा तरी जाते. देवळात किती वेळा गेले होते? आठवून आठवून तीन. एकदा पाऊस आला म्हणून, एकदा चपलेचा अंगठा तुटला म्हणून, आणि एकदा आईंबरोबर.

आईंना कोथिंबीर आणायला दीड तास लागायचा. एका जुडीला. त्या कुठे कुठे थांबत असतील ते आता थोडं थोडं कळतंय. त्यावरून मी त्यांना एकदा जे बोलले होते ते इथे लिहीत नाही.

तिथून मंडई. हे अष्टकोनी प्रकरण १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडलं, नंतर महात्मा फुल्यांचं नाव आलं, आणि आता खालून मेट्रो जाते, पण भाजीवाल्या बायका आहेत तशाच उंच गाळ्यांवर देवीसारख्या बसलेल्या. आपण खाली, त्या वर. त्यामुळे भाव करायला मान वर करावी लागते आणि निम्मी हिंमत तिथेच जाते. मी श्रावणघेवडा निवडत होते. चक्क एकेक शेंग मोडून. गाळ्यावरच्या बाईंनी तराजू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, आज पिशवी मिटलेली?"

मला कळेना.

"रोज तोंड उघडं धरूनच येता ना. लांबून दिसतं, आल्या पिशवीवाल्या."

मी एवढी हसले की शेजारच्या गाळ्यावरचाही हसायला लागला. काय सांगू, मला राग यायला हवा होता. चिठ्ठी काढून त्यांना दाखवावी असंही वाटून गेलं. पण त्यांनी मूठभर कढीपत्ता वर टाकला आणि मी निघाले. घरी यायला दोन तास लागले. हे दारातच, "काय गं, बरं आहे ना?"

आणि मग काल. कपडे द्यायला मी स्वतः खाली उतरले, एरवी वरून आवाज देते. ते बोट ओलं करून इस्त्रीला लावून बघत होते, चर्र होतं का ते. टेबलावरच्या घोंगडीला मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडलाय, तो आमच्या लग्नाच्या आधीपासूनचा असावा. ते वळले तेवढ्यात मी मागच्या फळीवर नजर टाकली. ओळीने गाठोडी, प्रत्येकाला टाचणी. 'मांजर आजी'. 'कडक कॉलर'. (हे नव्हेत! कुणीतरी ह्यांच्याही वर आहे.) 'नवीन लग्न', ज्यांचा मुलगा यंदा बालवाडीत गेला. 'गॅलरी'. आणि सगळ्यात खाली एकट्याच पडलेल्या गाठोड्यावर 'उद्या देतो, ३ रा मजला'.

एकालाही ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. आडनावं लिहिली असती तर कदाचित अडले असते. 'उद्या देतो' तर माझ्याकडूनही पाचशे घेऊन बसलेत दिवाळीपासून. त्यापेक्षा घाई फार बरी. घाईत निदान पैसे तरी रोख जातात.

हलकं वाटलं मला एकदम. उदारच झाले म्हणा ना. गाठोडं टेबलावर ठेवून म्हटलं, "सावकाश द्या. काही घाई नाही."

त्यांनी इस्त्री उभी केली. माझ्याकडे नीट बघितलं.

"काकू, बरं नाही का?"

"बरी आहे हो. होतील तेव्हा द्या."

"नक्की ना?" हे त्यांनी विचारलं. मला! मी मान हलवून, जिना एकेक पायरी करत वर आले. उगाच.

ह्यांची मीटिंग अजून संपलेली दिसत नाही. पुनर्विकासाची आहे. दोन-तीन वर्षं भाड्याने राहायचं, तर बिबवेवाडी की कर्वेनगर, असं काहीतरी चाललंय. मी जात नाही तिथे. तिकडच्या इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठीवर काय असेल? फ्लॅट नंबर असेल बहुतेक.

जाऊ दे. आत्ता वेगळीच पंचाईत आहे. उद्या वन्संकडे मंगळागौर. सकाळी आठला निघायचंय आणि ती मोरपंखी साडी त्याच गाठोड्यात आहे, हे मला मघाशी भांडी घासताना आठवलं. दुकान नऊला बंद होतं. उद्या मंगळवार, सकाळी ते उघडत नाहीत. गॅलरीतून दोनदा वाकून पाहिलं, दिवा आहे. फोन करायचा तर काय तोंडाने करू? आठ पन्नास झालेत.

गेलेच आहे. बाकीचं नंतर लिहीन.